हे तुमचं, सांभाळा

सोमवार, ४

आलो एकदाचा. खोली झकास आहे. हॉस्पिटलच्याच वरच्या मजल्यावर, रस्त्याकडे तोंड करून, मोठ्या खिडक्या, लिहायला टेबल आणि नळाला चक्क गरम पाणी. खाली कॅथ लॅब, म्हणजे हृदयाच्या नळ्या उघडायची खोली, इतकी नवी की यंत्रावरचं प्लास्टिक मीच फाडलं. आजवर इथं हार्ट अटॅकच्या पेशंटला गुठळी विरघळवायचं इंजेक्शन टोचायचं आणि देव पाण्यात घालून बसायचं, एवढीच पद्धत होती. आता मी आहे. हृदयाची बंद पडलेली नळी तार घालून उघडायची, आत स्टेंट बसवायचा, की पांढराफटक पडलेला माणूस थोड्याच वेळात चहा मागतो. माझ्या येण्यानं या लोकांचं आयुष्य वाढणार यात शंका नाही. त्या वाढीव आयुष्याचं ते काय करणार, हा प्रश्न मी स्वतःला विचारायचं टाळतो.

स्टाफ ठीक आहे. विभागाच्या प्रमुख नर्सला सगळे थोरल्या सिस्टर म्हणतात. बोलताना माणसाच्या खांद्यापलीकडे बघायची त्यांना सवय आहे. ज्युनियर डॉक्टर मी काहीही म्हटलं की मान डोलावतो, त्यामुळे आमचं जमेल. मला माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, नळ्या राहतात. म्हणून मी प्रत्येकाला आपलं एक नाव ठेवून देतो. सोयीचं पडतं.

गुरुवार, ७

कामाला भरपूर वाव आहे. छातीत दुखणं हा इथल्या लोकांना स्वतःचा अपमान वाटतो. कुणीही सरळ येत नाही. एक निवृत्त मास्तर आले, घामानं निथळत, आणि हे पित्त कसं आहे यावर मला व्याख्यान दिलं. ईसीजीचा कागद दाखवला तर म्हणाले की यंत्र एकदा तपासून घ्या. एका बाईंचा जबडा दुखत होता, त्या दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्या होत्या, तिथून खुर्चीसकट आणल्या. तिसऱ्याला मुलांनी आणलं आणि गाडी कुठं लावायची यावर अपघात विभागाच्या दारातच त्यांचं जुंपलं. बाप मागच्या सीटवर कळवळतोय आणि हे एकमेकांच्या बायकांचा उद्धार करताहेत. सगळे वाचले. माझ्यामुळे, हे वेगळं सांगायला नको.

आज एक गंमत कळली. माझ्या आधी इथं जे म्हातारे डॉक्टर होते, त्यांनी एक रिवाज पाडून ठेवलाय. ज्या पेशंटचं हृदय पूर्ण थांबलं आणि पुन्हा चालू झालं, तो शुद्धीवर आला की ज्यानं त्याची छाती दाबली त्यानंच तिच्यावर तळवा ठेवायचा, माणसाला नावानं हाक मारायची आणि म्हणायचं, हे तुमचं, सांभाळा. पेशंटनं म्हणायचं, घेतलं. याला इथं ‘परत देणं’ म्हणतात. थोरल्या सिस्टरना कारण विचारलं, तर त्यांना माहीत नाही. पेशंटला धीर येत असेल, म्हणाल्या, डॉक्टर कधी चुकवायचे नाहीत एवढं खरं. मी म्हटलं, मला हृदयं दुरुस्त करायला आणलंय, नाटकात काम करायला नाही. ज्युनियरनं मान डोलावली.

मंगळवार, १२

आज माझ्या हातांचं खरं चीज झालं.

पेशंट म्हणजे मूर्तिमंत निष्काळजीपणा. घरसामान हलवण्याचा धंदा. कपाटं, फ्रिज, तिजोऱ्या पाठीवर पट्ट्यानं बांधून जिन्यानं वर नेतो. पोट असं की मी त्याला तिथल्या तिथं पिंप हे नाव ठेवलं. सकाळी फ्रिज घेऊन चढताना छातीवर कुणीतरी बसल्यासारखं झालं. माणसानं काय करावं? यानं फ्रिज वर नेला, जागेवर लावला, दार नीट उघडतंय ना ते पाहिलं, मग खाली येऊन बिडी ओढली, आणि मग बायकोला म्हणाला की जरा बरं वाटत नाही. बायकोनं धंद्याच्याच टेम्पोत गोधड्यांवर निजवून आणला.

टेबलावर घेताना हृदय थांबलं. छाती मीच दाबली, ज्युनियरच्या मनगटात जोर नाही. बरगडी मोडल्याचा आवाज आला, तो यायचाच. शॉक दिला, पुन्हा दाबलं, पुन्हा शॉक. परत आला. मग समोरची मोठी नळी उघडली, स्टेंट बसवला, रक्त असं सुटलं की मलाच टाळी वाजवावीशी वाटली.

तो डोळे उघडून इकडेतिकडे बघायला लागला तेव्हा थोरल्या सिस्टर माझ्या वाटेत उभ्या राहिल्या. सर, परत द्यायचं राहिलं, म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्ही द्या. त्या म्हणाल्या, ज्याचे हात त्यानंच द्यायचं असतं. मला सपाटून भूक लागली होती. पिंपाला सांगितलं की बिडी सोड नाहीतर पुढच्या वेळी माझ्याकडे येऊ नकोस, हात धुतले आणि जेवायला गेलो.

शनिवार, १६

पिंपाला घरी पाठवला. बरगड्या मोडलेला माणूस महिनाभर कुशीवर वळताना रडतो. हा टुणकन उतरला आणि स्वतःची पिशवी स्वतः उचलली. काहीच दुखत नाही म्हणतो, गुडघासुद्धा नाही, जो म्हणे लहानपणापासून दुखायचा. असल्या लोकांच्या कातडीखाली नसा असतात की सुतळ्या, देव जाणे.

बायको चिकट आहे. कोणती गोळी कशासाठी, किती दिवस, चुकली तर काय, एकेक गोळी तळहातावर घेऊन विचारत होती. बाहेर रांग होती. मी म्हटलं, सगळ्या हृदयासाठीच आहेत, गिळायच्या. तिनं गोळ्या पुन्हा पुडीत बांधल्या.

माझीच डावी बरगडी ठणकते आहे. छाती दाबताना लचकली असणार.

गुरुवार, २१

एक विचित्र गोष्ट. सकाळी खुर्चीत बसून पेपर वाचत होतो, आणि एकाएकी धाप लागली. छाती धडधडली, मांड्या भरून आल्या. थोड्या वेळानं आपोआप उतरलं. मग दुपारी पुन्हा. तोंडाला बिडीची कडवट चव आली. मी जन्मात बिडी ओढलेली नाही, ओढणाऱ्यांच्या शेजारी बसतसुद्धा नाही.

ईसीजी काढला. नितळ. रक्त तपासलं. नितळ. ज्युनियरनं माझ्या हृदयाचा स्कॅन करून नळ्या पाहिल्या आणि फारच सुंदर आहेत सर, असं म्हणाला. त्या सुंदर आहेतच, मी कमावल्या आहेत. उगाच खांदे चोळत बसू नये असं मी पेशंटना सांगतो, आणि आज मी स्वतः खांदे चोळत बसलो होतो. स्वतःची शरम वाटली.

बुधवार, २७

खिडकीत उभा होतो. समोरच्या इमारतीत कुणीतरी राहायला येतंय. खाली टेम्पो, आणि टेम्पोमागे पिंप. हार्ट अटॅक येऊन पंधरवडा झाला असेल नसेल, आणि हा गृहस्थ पाठीवर कपाट बांधून जिना चढतोय. त्या इमारतीच्या जिन्याला प्रत्येक मजल्यावर जाळीची खिडकी आहे, त्यामुळे सगळं दिसतं. मी मनाशी म्हणालो, चढ लेका, मर.

त्यानं पहिला जिना संपवला आणि माझा श्वास अडकला.

मी चौकटीला धरून उभा राहिलो. तो वळणावर थांबला, कपाट कठड्याला टेकवलं. मला सुटल्यासारखं झालं. त्यानं पुन्हा उचललं. माझ्या छातीत पुन्हा आवळलं, हात बधिर झाला, कपाळावर घाम आला. तो जाळीतून दिसत होता, शीळ घालत होता बहुतेक, ओठ तसे होते. वर पोचून त्यानं कपाट ठेवलं आणि मी जमिनीवर बसलो होतो, भिंतीला पाठ लावून, जिना चढून आलेल्या माणसासारखा.

मग तो दुसऱ्या खेपेला खाली उतरला. मी पडदा ओढून घेतला. पडदा ओढून काही उपयोग झाला नाही.

योगायोग. मी शास्त्र शिकलेला माणूस आहे.

सोमवार, २

खात्री करून घ्यायचं ठरवलं. पिंपाला तपासणीसाठी बोलावलं आणि चालायच्या पट्ट्यावर चढवलं, छातीला वायरी लावून. समोर मॉनिटरच्या पडद्याशी मी, शेजारी थोरल्या सिस्टर. पट्टा सुरू झाला. वेग वाढवला, चढ वाढवला. पिंपाच्या गप्पा चालूच. कुणाच्या घरचा सोफा दारातून कसा जात नव्हता आणि मग यानं तो कसा खिडकीतून घेतला. पडद्यावर त्याच्या ईसीजीच्या रेघा खाली बसायला लागल्या. हृदय उपाशी असल्याची खूण. असल्या रेघा असताना माणूस छाती धरून थांबवा थांबवा म्हणतो.

ते मी म्हणत होतो.

सिस्टरनी पट्टा बंद केला. माझा शर्ट भिजला होता, खुर्चीचा हात माझ्या मुठीत होता. पिंप वाकून माझ्याकडे बघत होता. त्याला घामाचा टिपूस नव्हता. त्यानं स्वतःची छाती चाचपली, पुन्हा माझ्याकडे बघितलं, आणि मग त्याच्या तोंडावर जे आलं ते मला आवडलं नाही. त्याला काहीतरी कळलं होतं. त्याला. कपाटं वाहणाऱ्याला.

गुरुवार, ५

म्हाताऱ्या डॉक्टरना फोन केला. ते हल्ली मुलीकडे राहतात. बोलणं टाळत होते. मी सगळं सांगितल्यावर एवढंच विचारलं की परत दिलं होतं ना. मी म्हटलं, जेवायची वेळ झाली होती. मग म्हणाले, त्यांच्याकडूनही एकदा राहिलं होतं, उमेदीच्या काळात. ती बाई होती, आजारी, अंथरुणाला खिळलेली. तिला काही दुखलं नाही, जे दुखायचं ते यांना. तिनं घेतलं म्हणून सुटले. म्हटलं, तिनं घेतलं नसतं तर? म्हणाले, तिचं थांबलं असतं तेव्हा माझंही थांबलं असतं. जा आणि नीट दे, आणि जबरदस्ती चालत नाही हं बाळ, त्यानं आपणहून घ्यायला हवं.

मला बाळ म्हणाले. एरवी मी ऐकून घेतलं नसतं.

म्हणजे माझा जीव त्या पिंपाच्या पाठीवर आहे. बिडी ओढणाऱ्या, जिने चढणाऱ्या, गाढवाची अक्कल असलेल्या माणसाच्या. लिहितानासुद्धा किळस येते. आणि भीती वाटते. दोन्ही एकदम वाटतात, कोणती आधी ते सांगता येत नाही.

शुक्रवार, ६

त्याच्या घरी गेलो. एक खोली, सगळी दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या सामानानं भरलेली, तरी टापटीप. बायकोनं खुर्ची पुसून दिली. पिंप पलंगावर पाय पसरून बसला होता. उठला नाही.

मी म्हटलं, एक छोटीशी तपासणी राहिली आहे. तो हसला. म्हणाला की साहेब, मला ठाऊक आहे तुम्ही कशाला आलात, पट्ट्यावर पाहिलं मी, आणि परत द्यायचं राहिलं हे सिस्टर म्हणाल्या तेव्हा मी जागाच होतो; ते कसं देतात हे इथं सगळ्यांना ठाऊक असतं. मग म्हणाला, पोरवयापासून ओझी उचलतोय, पाठ दुखली नाही असा दिवस आठवत नाही. आता काहीच दुखत नाही. सकाळी उठलो की वाटतं कुणीतरी अंग नवं करून दिलं. ते मी परत का घेऊ? तुम्ही शिकलेले, तुमच्याकडे औषधं, यंत्रं, तुम्हीच सांभाळा. माझ्यापेक्षा बरं सांभाळाल.

म्हटलं, गोळ्या तरी घेतोस ना. तर बंद केल्यात. दात घासताना हिरडीतून रक्त यायचं, आणि दुखत तर काही नव्हतं, मग कशाला. बायको म्हणाली, मी रोज हातावर ठेवते, पण आमचे हे खिडकीतून टाकून देतात. कुणी सांगितलंच नाही की त्या थांबवल्या तर काय होतं.

स्टेंट नवा असताना त्या गोळ्या बंद केल्या की आत गुठळी धरते. एका क्षणात नळी बंद. हे शेंबड्या पोराला कळतं. मी त्याला तसं म्हणालो. आणखीही पुष्कळ म्हणालो. मूर्ख म्हणालो, जनावर म्हणालो. मग भानावर आलो आणि हात जोडले. मी, हात जोडले, त्या पलंगासमोर.

बायको त्याच्याशी बोलली, हळू आवाजात. मला ऐकू आलं ते एवढंच की माणूस मरेल हो तो. पिंपानं डोकं खाजवलं. बरं, म्हणाला, द्या. मी त्याच्या छातीवर तळवा ठेवला. खाली ठोके होते, माझ्याच ठोक्यांबरोबर पडणारे. हे तुमचं, असं म्हणायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, आधी हाक तर मारा साहेब, कुणाचं परत देताय?

मला त्याचं नाव माहीत नव्हतं.

फाइलवर असेल. मी त्याचं हृदय हातानं चालवलं आहे, नळीचं प्रत्येक वळण मी डोळे मिटून काढून दाखवीन. त्याची बायको माझ्याकडे बघत होती. माझ्या तोंडून निघालं, पिंप.

त्यानं माझा हात उचलून बाजूला ठेवला. जोरानं नाही.

रविवार, ८

नाव पाठ केलं. फाइलवरून. बापाच्या नावासकट. दिवसभर पुटपुटतोय. साधं नाव आहे, कुणाच्याही लक्षात राहील असं.

त्याच्या घरी गेलो, कुलूप. शेजारीण म्हणाली, सासुरवाडीला गेलेत, उद्या येतील. सकाळपासून छातीत अधूनमधून चिमटा. तो आजही बिडी ओढतोय. जीभ कडू. शिव्या द्यायलासुद्धा दम पुरत नाही.

ज्युनियरला सगळं सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि मला झोपेची गोळी देऊ केली.

सोमवार, ९

सुरू झालं.

चिमटा नाही, हे ते. खरं. छातीत, जबड्यात, डाव्या हातात. आवळतंय. शेकडो पेशंटना विचारलं असेल कसं दुखतं, आणि ते नीट सांगत नाहीत म्हणून चिडलो असेन. सांगता येत नाही.

इथंच युनिटमध्ये निजवलंय. ईसीजी नितळ. पुन्हा काढला, नितळ. ज्युनियर म्हणतो सर, तुम्हाला काही नाही. मॉर्फिन दिलं. स्पर्श नाही. दुखणं माझं नाही तर औषध माझ्यात कसं लागेल. नळी त्याची बंद होतेय.

उघडू शकतो मीच. दुसरं कोणी नाही इथं. तो आला तर उठून उघडीन. आणा त्याला.

ज्युनियरला अ‍ॅम्ब्युलन्स घेऊन पाठवलंय. लिहितोय, कारण लिहिणं थांबलं की फक्त ते उरतं.

—

सापडला. ज्युनियरचा फोन, सिस्टरनी स्पीकरवर लावलाय. बँकेची तिजोरी आहे. पाठीवर बांधून झाली आहे. वरच्या मजल्यावर न्यायची. अ‍ॅम्ब्युलन्स बघून हसतोय म्हणे. मला काय झालंय म्हणतो, काहीच दुखत नाही.

ज्युनियरनं त्याच्या कानाला फोन लावला.

मी हाक मारली. पूर्ण नावानं, बापाच्या नावासकट. आवाज बारीक निघाला. म्हटलं, तुमचं आहे, घ्या. अहो म्हणालो. चुकलो नाही कुठं.

पलीकडून त्याचा श्वास ऐकू येत होता, मोकळा. मग म्हणाला, बरं वाटलं साहेब. घेतो. पण छातीवर हात ठेवायला तुम्ही इथं नाही, आणि माझे दोन्ही हात पट्ट्यात आहेत. एवढी वर ठेवतो आणि तुमच्याकडेच येतो.

म्हटलं, आत्ता खाली ठेव. गाढवा खाली ठेव. खाली—

फोन ज्युनियरकडे गेला होता.

—

चढतोय.

सिस्टर माझा हात धरून उभ्या आहेत, मी धरू देतोय. त्या ज्युनियरला ओरडून सांगताहेत थांबव त्याला, तो म्हणतो कसा थांबवू मॅडम, जिना अरुंद, मागून हात लावला तर तिजोरीसकट—

पहिला मजला. टेकवली नाही. टेकव ना रे

घाम. पेन निसटतं

ज्युनियर म्हणतो शीळ घालतोय. चेहरा राखेसारखा झालाय पण शीळ घालतोय, सर, त्याला काहीच कळत नाहीये, सर तुम्ही

नाव घेतोय मी, सारखं घेतोय, ऐकू जात ना—

शेवटचं वळण म्हणे. तिजोरी ठेवली की येतो म्हणाला आहे, तो येईल, तो कामाचा माणूस आहे, ठेवून लगेच ये—